मठाच्या आतली जागा

किलारन, स्लायगो
४ नोव्हेंबर १९५३

मलाकी,

पाकिटावरचं अक्षर ओळखून तू हे पत्र न फोडताच शेगडीत टाकशील अशी भीती वाटते. टाकू नकोस. मी भांडायला लिहीत नाही, तेवढा जोरच उरलेला नाही.

बाबा अंथरुणाला खिळलेत. बटाटे काढता काढता शेतातच कोसळले. डॉक्टर म्हणतो, ख्रिसमस दिसला तर नशीब. ते तुझी आठवण काढतात. रोज काढतात.

त्यांना काय हवंय हे तुला सांगायला नको. मठात, वेदीच्या बाजूला, ओ'डेव्हरन सरदार झोपलेत तिथं त्यांना पुरायचं. आजी त्या शेवटच्या सरदाराच्या रक्ताची, तेव्हा तिच्या मुलाचा तिथं हक्क आहे, हे ऐकत ऐकतच आपण दोघं मोठे झालो. तू पिट्सबर्गला जाऊन ते विसरला असशील. मी इथंच आहे, मला विसरायची सोय नाही.

अडचण अशी, की मठ आता सरकारी खात्याच्या ताब्यात गेलाय. पडक्या भिंतींना कुंपण घातलंय, आणि आत नवी कबर खणायला बंदी आहे. ज्यांचा पूर्वापार हक्क असेल त्यांनाच मुभा. खात्याचे लॉलरसाहेब येऊन गेले. गरीब माणूस आहे, पण नियमाच्या बाहेर पाऊल टाकत नाही. त्यांना दोन गोष्टी हव्यात. आपल्या घरासाठी आतली कबर उघडलेली पाहिलेला जिवंत माणूस, आणि सरदारांशी आपला संबंध काय, याचा फादर फॅलन यांचा दाखला. फादर म्हणतात, अर्धं किलारन डेव्हरन आडनाव लावतं, नुसत्या नावावर मी सही करणार नाही. तुझ्या आजीला सगळी वंशावळ तोंडपाठ होती म्हणतात, ती मला ऐकव.

मी कुठून ऐकवू? आजीनं ती तुला दिली. बाईनं पुरुषाला द्यायची, पुरुषानं बाईला, नाहीतर शब्द मरतात, हा तिचा नियम. मी दाराआड उभी राहिले की ती गप्प व्हायची. आधी तिनं बाबांना द्यायला घेतली होती, त्यांनी घेतली नाही. का घेतली नाही ते त्यांनी कधी सांगितलं नाही. म्हणजे आता या जगात ते शब्द फक्त तुझ्यापाशी आहेत. तुला अर्थ कळत नाही हे मला माहीत आहे. शाळेत आपल्याला 'दार उघड, खिडकी लाव' एवढंच आयरिश शिकवलं, त्यात आजीचं जुनं बोलणं काय समजणार. पण पाठ असेल. तुझं पाठांतर पक्कं होतं.

शब्द कळव, मलाकी. माझ्यासाठी कळव.

अट्रॅक्टा


किलारन
२९ नोव्हेंबर

मलाकी,

उत्तर नाही. ठीक आहे.

मागच्या पत्रात मी एक खोटं लिहिलं. बाबा तुझी आठवण काढतात असं म्हटलं. बाबांना बोलताच येत नाही. पडले त्या दिवशीच वाचा गेली आणि उजवी बाजूही. डावा हात तेवढा चालतो, त्यात काठी असते. पाणी हवं असलं की काठी, उशी सरकली की काठी. बाकी सगळा वेळ ती काठी खिडकीकडे रोखलेली असते, मठाकडे. कान आणि डोकं मात्र शाबूत आहे. सुंभ जळला तरी पीळ जात नाही म्हणतात ना, तो पीळ मी रोज उशाशी बसून बघते.

खरी आग वेगळीच आहे. फादर मरणाऱ्याला लावायचं शेवटचं पवित्र तेल घेऊन आले, तर बाबांनी तोंड घट्ट मिटलं आणि भिंतीवर काठी आपटली. फादर पुन्हा आले, पुन्हा तेच. फादर म्हणाले, "बार्टली, देवाशी सौदा करतोस काय?" बाबांनी खिडकीकडे काठी रोखली. जागा ठरल्याशिवाय ते तेल घेणार नाहीत. माणूस जातोय, मलाकी, आणि तो पापांची क्षमा न घेता तसाच जाईल. मला झोप लागत नाही. माझं बाबांवर प्रेम आहे का, हे मला नीट सांगता येणार नाही, पण ते असे गेले तर मी पुन्हा कधी गुडघे टेकून प्रार्थना करू शकणार नाही.

मग मी ल्यूक टॅन्सीकडे गेले. हो, तुझ्या विनीच्या बापाकडे. आजी गेली तेव्हा आपण दोघं गोवरानं पडलो होतो, आपल्याला काही दिसलं नाही. पण कबर खणायला शेजारचे चौघे गेले होते, आणि त्यांतला आज ल्यूकच तेवढा हयात आहे.

त्याची बायको डेलिया दारातच होती. "या, राणीसरकार," म्हणाली. "गुराख्याच्या घरी कशी वाट चुकली? थांबा, खुर्ची पुसते."

मी ते गिळलं. तिचं चुकत नव्हतंच. दुसऱ्याची गुरं राखणाऱ्याची पोर सरदाराच्या घरात येणार नाही, हे बाबा याच दारात उभे राहून ओरडले होते, आणि तू आत होतास.

ल्यूकनं ताकाचं भांडं माझ्यापुढे सरकवलं. म्हणाला, "बोल, पोरी."

"आजीची कबर आत उघडली होती का?"

"उघडली होती. वेदीजवळ. मीच होतो खणायला."

मला रडूच आलं. म्हटलं, "मग एवढी वर्षं बाबा सांगतात की आम्हाला कोणी आत जाऊ दिलं नाही, म्हणून आजीला भिंतीबाहेर पुरावं लागलं..."

"उघडली होती, एवढं मी सांगेन. साहेबासमोर सही करेन."

"कुठल्या हक्कानं उघडली, तेही लिहावं लागेल."

त्यानं चुलीतला विस्तव सारखा केला. मग म्हणाला, "ते माझं नाही. ज्याचं आहे त्यानं बोलावं."

डेलिया म्हणाली, "तेव्हाच बोलायला हवं होतंस तू. आपली पोर आज लीड्सला कोणाच्या घरी..."

"डेलिया, किटली बघ," ल्यूक म्हणाला, आणि ती चुलीकडे वळली.

विनी बरी आहे, तुला विचारवणार नाही म्हणून मीच सांगते. तिकडच्या इस्पितळात नर्स आहे, नवरा ट्राम चालवतो, मुलं आहेत.

आता ऐक. फादरनी तुझ्या चर्चच्या पाद्र्याला तार केली आहे. वीस तारखेला, रविवारी, इथली प्रार्थना आटोपली की आम्ही पोस्टात फोनपाशी बसणार. तिकडून तुला जोडून देतील. माझ्याशी बोलायचं नसेल तर बोलू नकोस. फक्त आजीचं म्हण आणि ठेवून दे.

अट्रॅक्टा


किलारन
२० डिसेंबर

मलाकी,

तू म्हटलंस. देव तुझं भलं करो. आणि म्हणून झाल्यावर "हे मी त्यांच्यासाठी केलेलं नाही, त्यांना सांग," एवढं बोलून फोन ठेवलास, म्हणून पुढचं तुला कळलं नाही. तेच लिहायला बसले आहे. बसून लिही.. काय लिहितेय मी. बसून वाच.

मिस क्विग्लीनं रविवार असूनही पोस्ट उघडलं होतं आणि बिशप येणार असल्यासारखं काउंटर पुसून ठेवलं होतं. एका रिसीव्हरला मी आणि फादर कान लावून, गालाला गाल टेकलेला. तुझा आवाज आला. किती जाड झालाय. तू सुरू केलंस आणि कुठं थांबलाच नाहीस. मला फक्त नावं कळत होती: रुअरी, फेलिमचा मुलगा, फेलिम आर्टचा, आर्ट कॉनरचा. माझी छाती भरून आली. म्हटलं, आहे, सगळं आहे, बाबा खरं बोलत होते. फादर कनेमाराचे, आयरिश त्यांची आईची भाषा. आधी ते मान डोलावत होते. मग त्यांची मान थांबली.

तू ठेवून दिल्यावर ते पार्सलांच्या बाकावर बसले. म्हणाले, "अट्रॅक्टा, ही वंशावळ खरी आहे. पण ती तुमची नाही."

"पण 'माझ्या भावा, माझ्या रक्ताच्या' असं ती म्हणते. बाबांनी सांगितलंय तेवढं."

"म्हणणारच. माझी आत्याही म्हणायची. मढ्याच्या उशाशी बसायचं, त्याच्या पिढ्या मोजायच्या, त्याचा घोडा, त्याचं घर, त्याचा हात किती सढळ ते सांगायचं. बोलावलेली बाईसुद्धा 'माझ्या भावा' म्हणूनच सुरू करते. ती त्या घरची होऊन रडते. नाहीतर ते रडणं कसलं?"

"बोलावलेली?"

"रडायला बोलावलेली. तुझी पणजी रडणारी होती. शेवटचा सरदार, हा रुअरी, गेला तेव्हा ती रडली, आणि ते शब्द तिनं मागं ठेवले. भाकरी आणि घोटभर दारू, यावर त्या बाया गावोगाव जात. आम्हा पाद्र्यांनीच वेदीवरून त्यांना शिव्या घातल्या, चाबकानं हाकललं. त्याची मला लाज वाटते."

मिस क्विग्ली तिकिटं मोजत होती. तीच तीच तिकिटं मोजत होती. म्हणजे आज संध्याकाळपर्यंत सगळ्या किलारनला कळलेलं असणार.

मलाकी, यासाठी. यासाठी विनीला गुराख्याची पोर म्हणून हाकललं. यासाठी तू गेलास. मला मागणी घालायला तो बॅलिमोटचा शिंपी आला होता, त्याला बाबा म्हणाले, ओ'डेव्हरनांच्या घरात सुईदोऱ्याला जागा नाही. आणि आम्ही कोण, तर दुसऱ्याच्या मढ्यावर भाकरीसाठी गळा काढणारे. मला हसू येत होतं. मी फादरांना म्हटलं, संपलं तर मग, हक्कही गेला.

ते म्हणाले, "नाही गेला. शेवटचं कडवं तू ऐकलंस, पण तुला कळलं नाही." आणि त्यांनी ते मला आपल्या भाषेत सांगितलं. जसं आठवतं तसं लिहिते:

चांदी मी मागितली नाही, रुअरी,
दारूचा पेला मी उपडा ठेवला.
तुझ्या पायाशी जागा दे म्हणाले,
मला, आणि माझ्यामागं रडेल तिच्या घराला.
जिवंतपणी तू हो म्हणालास,
सात गावांनी ते ऐकलं.

"हक्क आहे," फादर म्हणाले. "पायाशी. मी दाखला देतो, पण जे आहे तेच लिहीन. सरदाराचे वंशज असं लिहिणार नाही."

मी म्हटलं, लिहा.

तिथून तशीच ल्यूककडे गेले. त्याला म्हटलं, ज्याचं होतं तिच्याच शब्दांतून आता कळलंय, तू बोल. मग तो बोलला. पणजी तिथंच आहे, सरदाराच्या पायाशी. आजीची जागा तिच्या शेजारी. ती त्यांनी आदल्या दिवशी खणून ठेवली. सकाळी शवपेटी यायच्या आधी बाबा एकटे फावडं घेऊन आले आणि सगळी माती पुन्हा आत लोटली. म्हणाले, बाहेर पुरा तिला. पायाशी पुरली तर लोक विचारतील पायाशी का.

"तिनं मरताना तेवढंच मागितलं होतं," ल्यूक म्हणाला. "मी ऐकलंय. बार्टलीनंही ऐकलं होतं."

"त्यांनी असं का केलं?"

"लहानपणी तो तिच्याबरोबर जायचा. लोकांच्या दारात उभा राहायचा, ती आत रडत असायची. मग शाळेत पोरं त्याच्यामागं गळा काढत चालायची, रोज, घरापर्यंत. त्यानं एकदा वळून सांगितलं, माझी आई रडते कारण ते तिचे नातेवाईक आहेत. तेव्हापासून तो सरदाराचा झाला."

"आणि विनीच्या वेळी तुम्ही गप्प राहिलात? एक शब्द बोलला असतात तर..."

"मेलेल्या बाईची गोष्ट होती. ती माझ्या बापासाठी रडली होती. काही न घेता." मग म्हणाला, "चुकलं असेल माझं."

मी आता घरी आले आहे. बाबा जागे आहेत, काठी खिडकीकडे आहे. मी त्यांना सगळं सांगणार. मरणाऱ्याला छळू नये हे मला कळतं. पण त्यांनी हे ऐकताना मला त्यांचा चेहरा बघायचा आहे. तू इथं असतास तर मला अडवलं असतंस का? नसतंस अडवलं.

अट्रॅक्टा


किलारन
७ जानेवारी १९५४

मलाकी,

तार मिळाली असेल. नववर्षाच्या आदल्या दिवशी गेले. आता सगळं सांगते, आणि यात खोटं काही नाही.

पत्र टाकून आले आणि त्यांच्या खाटेवर बसले. म्हटलं, बाबा, मलाकीनं आजीचं म्हटलं, फादरांनी ऐकलं. त्यांचे डोळे मोठे झाले. मी म्हटलं, ती सरदाराची कोणी नव्हती. तिची आई त्याच्यावर रडायला बोलावलेली बाई होती.

मला वाटलं होतं, ते काठी आपटतील. त्यांनी काठी सोडली आणि डावा हात माझ्या तोंडावर ठेवला. लहान पोरानं पाहुण्यांपुढं घरातली गोष्ट बोलायला सुरुवात केली की आई ठेवते तसा. तेव्हा मला समजलं. ल्यूककडून ऐकूनही मला वाटत होतं की इतक्या वर्षांत त्यांनी स्वतःलाही पटवलं असेल. नव्हतं पटवलेलं. त्यांना रोज माहीत होतं. तू बॅग घेऊन फाटकातून गेलास, त्या दिवशीही माहीत होतं.

मी तो हात बाजूला केला आणि बोलत राहिले. जे जे बोलायचं होतं ते बोलले. विनीचं बोलले, शिंप्याचं बोलले, तुझं बोलले. म्हटलं, तिनं मरताना एक जागा मागितली, स्वतः कमावलेली, आणि तुम्ही ती तिच्या तोंडावर बुजवलीत, आणि आता तीच जागा तुम्हाला हवी? मी ओरडत होते. शेजारच्या शेतात ऐकू गेलं म्हणे.

त्यांच्या चेहऱ्याची एकच बाजू रडते. तुला ते बघावं लागलं नाही, ते बरं. दोन दिवस त्यांनी माझ्याकडे पाहिलं नाही. मी भरवत होते, ते खात होते, एवढंच. मला वाटलं, आता हे तेलाशिवाय जाणार, आणि ते माझ्यामुळं. ते दोन दिवस मी शत्रूलाही देणार नाही.

मग लॉलरसाहेबांचा निरोप आला. ल्यूकची सही आणि फादरांचा दाखला चालला. आत पुरायला परवानगी आहे, पायाशी. मी त्यांना मोठ्यानं सांगितलं. म्हटलं, मिळाली जागा. जिंकलात. मग आत ना?

त्यांनी मान हलवली. नाही.

मी पुन्हा विचारलं. पुन्हा नाही. म्हटलं, मग कुठं? आमच्या आईजवळ, तिच्या माहेरच्यांत? नाही. आणि मग काठीनं त्यांनी आधी खिडकीकडे दाखवलं आणि मग जमिनीवर, खाटेखाली कुठंतरी, टोचायला सुरुवात केली, रागावून, मला कळत नाही म्हणून. शेवटी म्हटलं, "तुमच्या आईजवळ? बाहेर?"

काठी थांबली. त्यांनी डोळे मिटले. मी फादरांना बोलवायला धावत गेले, पायात धड बूटही नव्हते. त्यांनी तेल लावलं तेव्हा बाबांनी कपाळ पुढं केलं आणि प्रसादासाठी तोंड आपणहून उघडलं.

ल्यूक आणि त्याच्या मुलांनी कबर खणली, भिंतीबाहेर, काटेरी झुडपांत, आजीच्या शेजारी. मी कोणाला बोलावलं नव्हतं. ते आपणहून फावडी घेऊन आले. डेलियानं हॅम आणि केक आणला, माझ्याकडे न बघता टेबलावर ठेवला, आणि मग आत येऊन माझे केस नीट बांधून दिले. फाटकापाशी कोणीतरी म्हणालं, "सरदार बाहेर कसे?" हळू म्हटलं, पण ऐकू यावं इतपत. मी वळले आणि सगळ्यांदेखत सांगितलं, बाबा माझ्या आजीचा, सबिनाचा मुलगा, ती रडणारी होती, तिच्याजवळ झोपायला आलेत. म्हाताऱ्या बायांनी छातीवर क्रूसाची खूण केली.

तू त्यांना माफ कर असं मी लिहिणार नाही. मीही केलेलं नाही. मी त्यांना आंघोळ घातली, दाढी केली, हातात जपमाळ गुंडाळली, आणि सगळा वेळ माझा राग होताच. तो गेला नाही आणि मी हातही थांबवला नाही. दोन्ही एकदम चालतं, हे मला नवीनच कळलं.

काल लॉलरसाहेब आले. म्हणाले, परवानगी वापरली नाही, तेव्हा ती रद्द करावी लागेल. मी म्हटलं, करू नका. ती माझ्या नावावर लिहा. ते गोंधळले. म्हणाले, "बाई, त्या घराण्याशी तुमचं नातं काय म्हणून लिहू?"

मी म्हटलं, नातं काही नाही. आम्ही तिथं काम करत होतो, ते लिहा. आणि आमचा मोबदला यायचा राहिलाय.

त्यांनी लिहिलं. मी समोर उभी राहून वाचून घेतलं.

तेव्हा माझी जागा पक्की आहे, मलाकी. वेदीजवळ, पणजीच्या शेजारी, सरदाराच्या पायाशी. फक्त मला तिथपर्यंत खांद्यावरून न्यायला घरचं एक तरी माणूस लागेल, आणि तूच एक उरलास.

अट्रॅक्टा